गाण्यानंतरची बडबड

दुपारी दोन ते चार या वेळात मी जे काम केलं ते अर्ध्या झोपेत केलं, हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर पुढे जे झालं त्याचं खापर मी महेंद्रच्या डोक्यावर फोडते आहे असं कुणाला वाटायचं.

ठाण्यात माजिवड्याला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कूलर आणि एक मोठी खिडकी. खिडकीखाली उड्डाणपूल एकमेकांच्या अंगावरून गेलेत. काच लावून घेतली की गाड्या आवाज न करता सरकत राहतात. तिकडे बघत मी कानाला हेडफोन लावून बसायचे. कानात चाळीस वर्षांपूर्वीच्या बायका बोलत असायच्या. कळव्याची कुणी भाताच्या लावणीचं सांगते आहे, कल्याणची कुणी सासूला नावं ठेवते आहे, मध्येच कोंबडा आरवतो आहे. डोळे मिटायला लागले की मी उठून त्यांच्या ओसरीवर जाऊन बसत असे. ओसरीवरून खाली उतरलं की विहीर लागायची, विहिरीपलीकडे खाडी, आणि खाडीच्या पाण्यावरून कुणीतरी मला हाक मारायचं. हाक कुणाची ते कधी कळलं नाही, कारण तेवढ्यात फीत संपायची.

संग्रहाचं नाव परिसर संग्रह. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्याबद्दल कुणी कधी जी काही माहिती गोळा केली असेल ती एका जागी ठेवायची आणि कुणालाही मोकळेपणानं वापरू द्यायची, एवढंच त्याचं काम. विहिरींच्या याद्या, झाडांची मोजणी, भरती-ओहोटीचे तक्ते, पक्ष्यांच्या नोंदी, जुने नकाशे. आणि एकतीसशे ध्वनिफिती. लोक बोलतात कसं हे टिपायला एका कॉलेजच्या मराठी विभागानं त्या घरोघर फिरून भरल्या होत्या. कॅसेटींना पुढे बुरशी लागली आणि त्या फेकल्या गेल्या. त्याआधी कुणा शहाण्यानं त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या, म्हणून आवाज तेवढे वाचले.

सगळं खुलं होतं, पण सापडत काही नव्हतं. मी तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढली आहेत. एक पुस्तक मागायला आलेली मुलगी कपाटासमोर रेंगाळून शेजारचं भलतंच पुस्तक घेऊन गेली, की माझा दिवस चांगला जायचा. संग्रहाच्या पानावर मात्र एक रिकामी चौकट होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, शोधा. रेशनच्या खिडकीवरचा माणूस 'काय पाहिजे' म्हणून अंगावर येतो तशी ती चौकट मला वाटायची. काय पाहिजे ते नेमकं ठाऊक असतं तर माणूस निम्मं शोधून आलेलाच असतो. बरं, चौकट टाळून विषयवार फिरत जावं, तर 'भाषिक सर्वेक्षण, टप्पा दोन, स्त्री-गट, संच एक्केचाळीस ते अठ्ठ्याऐंशी'. असली पाटी वाचून कोण आत शिरेल? मला तर दारातच जांभई यायची.

हे सुधारायला आम्ही दोघं. महेंद्र वर्तकनगरचा, सत्तावीस वर्षांचा, हुशार आणि घाईचा. मी त्याच्या आईहून मोठी, पण तो मला ताईच म्हणतो. फितींतलं बोलणं आपोआप लिहून काढणारं काहीतरी त्यानं बसवलं होतं, म्हणजे शब्द टाकला की तो ज्या फितीत असेल ती वर यावी. कल्पना चांगली होती. पण 'पाणी' शोधलं की नळाला पाणी आलं का, अगं पाणी ठेव, पाणी उकळलं बघ, असल्या चारशे ओळी वर यायच्या आणि विहिरीवरचं गाणं तळाशी बसायचं.

"ताई, नॉईज खूप आहे," महेंद्र म्हणाला होता. "गाणं, गोष्ट, मुलाखत, तेवढंच ठेवू. बाकीचं उडवू. सर्च एकदम क्लीन होईल, आणि फायलीपण छोट्या होतील."

मला पटलं. कुणी गळ्याला सुरी लावली नव्हती, मला मनापासून पटलं. दोन वर्षं मी एकेक फीत ऐकली आणि कुठपर्यंत ठेवायची ते तक्त्यात भरत गेले. गाणं संपलं की मिनिट-सेकंद टाकून लिहायचे, 'यापुढे बडबड. अप्रस्तुत. कापावी.' आणि पुढे सहीचं अक्षर, आ. आसावरीतलं. तीस वर्षं पोरींना 'बडबड बंद' म्हणत आलेल्या बाईला याहून सोपं काम काय असणार.

तक्त्यात नसलेलं एक काम मात्र मी माझ्यासाठी करत होते. झोप येऊ नये म्हणून एक वही केली होती. तिच्यात फितीचा नंबर आणि मागे काय ऐकू येतं ते. 'मागे हातपंप.' 'मागे कुकर, तीन शिट्ट्या.' 'गच्ची असावी, वारा फार.' 'पाळणा, कडी करकरते.' याला तक्त्यात रकाना नव्हता आणि कुणी विचारलंही नव्हतं. माझ्या दुपारच्या ओसऱ्या आणि विहिरी मी याच वहीतून बांधत होते.

नवं पान शुक्रवारी सुरू व्हायचं होतं. गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमाराला मी अर्धी विहिरीपाशी पोचले असताना दारात कुणीतरी खाकरलं. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी चार घड्यांचा कागद काढला आणि टेबलावर सपाट केला. आमच्याच संकेतस्थळाचं पान छापून आणलं होतं. चौकटीत 'नंदा फडतरे' आणि खाली 'शून्य निकाल'.

"डोंबिवलीवरनं आलोय," ते म्हणाले. "दोन बस बदलल्या. झेरॉक्सवाल्याकडनं हे काढून घेतलं. तो म्हणाला नाहीये. म्हटलं ऑफिसात जाऊन विचारू. नसेल तर तसं लिहून द्या मला, सही-शिक्क्यानिशी."

"नाही हे कसं लिहून देणार?" मी विचारलं.

"मग परत बघा."

मला हसू आलं आणि रागही आला. इंटरनेटवरचं शून्य छापून घेऊन दोन बस बदलत थेट दारात येणारा माणूस आपल्याकडेच निघायचा. पण कागदाच्या घड्या इतक्या नीट होत्या की मी खुर्ची पुढे केली आणि महेंद्रला चहा सांगायला लावला.

त्यांचं नाव दौलत फडतरे. गाव साताऱ्याकडचं, डोंबिवलीत येऊन पन्नास वर्षं झालेली, एमआयडीसीतल्या कंपनीत फिटर होते. नंदा म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली.

"तिचा आवाज पाहिजे," ते म्हणाले. "घशाचा कॅन्सर झालेला तिला, दोन हजार सातला. वाचली, पण डॉक्टरनी आवाजाची पेटी काढली. त्यानंतर सोळा वर्षं पाटीवर लिहायची. लिहायची काय, भांडायची पाटीवर. खडू तुटायचा."

"आधीचं काही नाही का? एखादी कॅसेट, कुणाच्या लग्नातलं शूटिंग?"

"फोटो आहेत ढिगानं. मोबाईलमधे ती दिसते, हसते, हात हलवते. पण मोबाईल आला तोवर आवाज गेलेला. घरात टेप होता, त्याच्यावर गाणी ऐकायचो. स्वतःचा आवाज कोण भरून ठेवतं?" त्यांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "आता मला तो आठवत नाही, बाई. सूरज म्हणतो, सूरज म्हणजे आमचा मुलगा, मला आठवतो आईचा आवाज. म्हटलं सांग कसा होता. तर गप्प बसला. स्वप्नात येते ती. ओट्यापाशी उभी असते आणि बोलत असते. ओठ हलतात. मी म्हणतो जरा मोठ्यानं बोल. तर माझ्याकडे बघते आणि परत बोलते. तसंच."

मला रोज दुपारी अनोळखी बायका झोपेत येऊन घरचं सगळं सांगून जात होत्या, आणि या माणसाची स्वतःची बायको स्वप्नात येऊनही त्याला ऐकू येत नव्हती. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि माझ्या फुकटच्या ओसऱ्यांची लाज वाटली.

सूरजच्या मुलीनं, संचितानं, त्यांना आमच्या फितींबद्दल सांगितलं होतं. ते ऐकल्यावर त्यांना आठवलं की कधीतरी त्यांच्या चाळीत कॉलेजच्या मुली टेप घेऊन आल्या होत्या. दिवस भोंडल्याचा होता, आणि त्या दिवशी भोंडला फडतऱ्यांकडेच होता.

"मी नव्हतो घरी. फर्स्ट शिफ्टला गेलेलो, आणि सुटल्यावर मुद्दाम उशिरानं आलो. बायकांच्यात कुठं जाणार? पण ती बोलली असणार. ती गप्प बसणारी नव्हती."

महेंद्रनं खुर्ची वळवली. "काका, नाव टाकून नाही मिळणार. नावंच नाहीयेत त्यात. स्पीकर वन, स्पीकर टू असं आहे सगळं. भोंडला टाकलं तर दोनशे बारा येतायत."

"मग ऐकतो की दोनशे बारा," फडतरे म्हणाले. "मला कुठे कामावर जायचंय?"

ते खरोखर बसले असते. पण त्यांच्याकडे बघता बघता मला एकदम आमच्या लहानपणचं टेंभी नाक्यामागचं अंगण आठवलं. भोंडल्याची गाणी संपली की फेर मोडतो आणि ज्यांच्याकडे भोंडला असेल ती बाई झाकलेला डबा घेऊन बाहेर येते. आत खिरापत काय आहे ते ती सांगत नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. धडाधड नावं घेणाऱ्या पोरी हमखास हरायच्या. लाडू? नाही. करंजी? नाही. मी नाव घ्यायचेच नाही. गोड का तिखट? तळलेलं का भाजलेलं? हातात धरून खायचं का वाटीतून? चार-पाच प्रश्नांत डबा जवळजवळ उघडलेला असायचा. आमच्या चौकटीला नेमकं हेच येत नव्हतं. ती नाव मागत बसली होती, आणि नाव सोडून बाकी सगळं या माणसाजवळ होतं.

"काका, नाव राहू द्या," मी म्हटलं. "मी विचारते तेवढं सांगा. अंगणात का गच्चीवर?"

"गच्ची कुठली? कौलारू चाळ. अंगणात."

मी वही उघडली. त्या दोनशे बारांत डोंबिवलीच्या फिती चौसष्ट होत्या. त्यांतल्या जिथे 'गच्ची, वारा' असं लिहिलं होतं त्यांचे नंबर मी सांगत गेले आणि महेंद्र पडद्यावरून त्या काढत गेला. चाळीस उरल्या.

"घरात लहान मूल होतं?"

"सूरज. सहा महिन्यांचा. पाळण्यात असायचा."

पाळण्याच्या कडीचा आवाज असलेल्या नऊ निघाल्या. पडद्यावरच्या ओळी एकेक करून विझत होत्या, आणि मला डोळे उघडे असताना दिसायला लागलं की त्या ओळी नाहीत, चाळी आहेत. एकेक चाळ आपली दारं लावून घेते आहे, एकेक अंगण मागे सरतं आहे, कुणाची तुळस, कुणाचा नळ, कुणाची दोरीवरची लुगडी, सगळं शांतपणे दूर जातं आहे आणि आम्ही तिघं मध्ये उभे आहोत. फडतरे माझ्यासमोर बसले होते, पण तेही कुठेतरी तिथेच चालत असावेत. त्यांचा आवाज हळू झाला होता.

"शेजारी काय होतं?" मी विचारलं. "दिवसभर कसला आवाज यायचा?"

"आवाज? गिरणीचा. पिठाची गिरणी होती ना, भिंतीला भिंत. पट्टा ढिला होता, फटफट वाजायचा दिवसभर. सूरजला त्याच्याशिवाय झोप यायची नाही. सोमवारी गिरणी बंद असायची, त्या दिवशी रडून जीव नको करायचा."

वहीत एकाच ठिकाणी होतं. 'मागे गिरणी, पट्टा सैल.' फीत एकोणीसशे सात.

महेंद्र केव्हाच माझ्या खांद्यामागे येऊन उभा राहिला होता. "ताई, ही वही मला का नाही दाखवली?"

"रकाना नव्हता."

"अरे, रकाना बनवला असता ना मी," तो म्हणाला आणि माझ्या हातातून वही घेऊन पानांचे फोटो काढायला लागला. मला वाटतं त्याच क्षणी त्याच्या डोक्यात नवं पान बदललं. आता तिथे चौकटीच्या खाली विचारलेलं असतं: घरात का बाहेर, एकटी का घोळका, मागे काय ऐकू येतं. लोक नुसते फिरायलाही येतात. हातपंपावरून शिरतात आणि कोंबड्यापाशी निघतात. पण ते नंतरचं झालं.

आम्ही फीत लावली. आधी फटफट आली, मागून बायकांच्या हसण्याचा आवाज आणि मग गाणं. फडतऱ्यांनी डोळे मिटून घेतले. "गिरणी," ते म्हणाले. "आमचीच गिरणी." पुढची अठरा मिनिटं ते हलले नाहीत. चौदा-पंधरा बायका एका सुरात गात होत्या, मध्येच बांगड्या, मध्येच पाळण्याची कडी. गाणी संपली तशी फीत संपली.

"परत लावा," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. तिसऱ्यांदा लावली तेव्हा निम्म्यात काढून ठेवला.

"ह्यात आहे ती. पण कुठली ते कळत नाही. सगळ्या एकदम गातायत." त्यांनी शून्य निकालाचा कागद पुन्हा घड्यांवर घडी घालून पिशवीत ठेवला. "राहू द्या, बाई. ह्यात आहे एवढं कळलं. पुष्कळ झालं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी काहीतरी करायचं म्हणून तक्त्यातली त्या फितीची ओळ काढली. एकोणीसशे सात. भोंडला, समूह. अठरा मिनिटं चाळीस सेकंद. यापुढे बडबड. अप्रस्तुत. कापावी. आ.

मी ती ओळ दोनदा वाचली. फेर मोडल्यावर काय होतं? खिरापत. डबा कुणाच्या हातात असतो? ज्यांच्याकडे भोंडला, त्या बाईच्या. आणि तेव्हा ती एकटी बोलते.

"महेंद्र, न कापलेल्या मूळ फायली कुठे आहेत?"

"काढतोय ना, ताई. जेवून आल्यापासून डिलीट लावून ठेवलंय. तुम्हीच बोललेलात, गुरुवारी करून टाक."

"कुठपर्यंत आलंय?"

"गावाच्या नावानं चाललंय. अंबरनाथ झालं, कल्याण झालं. ठाणे चालू आहे."

"थांबव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि का म्हणून विचारलं नाही. कळफलकावर त्याची बोटं पडली, तो पडद्याला नाक लावून बसला, आणि मिनिटभरानं मागे टेकला. "थांबलं. डोंबिवली पूर्ण शाबूत आहे. ठाण्याच्या थोड्या वाचल्या."

अंबरनाथच्या आणि कल्याणच्या बायका गाणं संपवून जे काही बोलल्या असतील ते गेलं. माझ्या सहीनं गेलं. त्या फिती मी ऐकल्या होत्या, आणि आता आठवायला बसते तर एक वाक्यही आठवत नाही. मी तेव्हा झोपेत होते. याची भरपाई मला कशानंही करता येणार नाही, आणि दुःख आहे ते आहेच.

"काका, बसा," मी म्हटलं. "अजून आहे थोडं."

हेडफोन बाजूला ठेवून स्पीकर लावला. अठरा मिनिटं चाळीस सेकंद. गाणं थांबलं, बायका धापा टाकत हसायला लागल्या, पाळण्यातलं मूल किरकिरलं, आणि कुणीतरी म्हणालं, "आणा गं डबा, फडतरेवहिनी."

"गोड?" एक बाई.

"हो."

तेवढ्या एका अक्षरावर फडतऱ्यांचा टेबलावरचा हात थांबला.

"तळलेलं?"

"नाही."

"नारळाच्या वड्या."

"नाऽही."

थोडा बसका आवाज होता. 'नाही'तला 'ना' ती लांबवायची आणि शेवटी हसू दाबायची. दुधी? नाही. कोहळा? नाही. बेसन? नाही गं. रताळं? नाऽही. फडतरे प्रत्येक 'नाही'बरोबर मान हलवायला लागले होते, आणि पाचव्या-सहाव्याला त्यांचे ओठही हलायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी मोजत होते. दहा वेळा नाही झालं. मग बायका दमल्या.

"हरलो बाई. सांगा आता."

"कच्च्या पपईच्या वड्या," नंदाबाई म्हणाल्या. "आणि मी नाही केल्या. ह्यांनी केल्या."

नुसती गिरणी ऐकू येत राहिली.

"भाऊजींनी?"

"मला ताप होता ना दोन दिवस. मी म्हटलं, कळवू सगळ्यांना की आमच्याकडे नको. तर म्हणाले, मी करतो. कामावर जायच्या आधी किसत बसले होते. मला म्हणाले, कुणाला सांगू नको. मी सांगणार. का नाही सांगायचं?"

"आमच्याकडे पाण्याचा पेला घेत नाहीत हातानं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यात नंदाबाईंचं हसणं सगळ्यात शेवटी थांबलं. डब्याचं झाकण वाजलं. एक मुलगी म्हणाली, टेप संपत आली, आणि फीत संपली.

महेंद्र खिडकीकडे तोंड करून उभा होता. खाली गाड्या सरकत होत्या.

"मीच म्हटलेलं तिला," फडतरे म्हणाले. "सांगू नको कुणाला. कंपनीत कळलं असतं तर पोरांनी जगू दिलं नसतं. नंतरही करायचो मी वड्या, दार लावून. चाळीस वर्षं समजून चाललो की तिनं कुणाला सांगितलं नाही." त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता ते रडले. "म्हणजे चाळीत सगळ्यांना माहीत होतं."

मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायल्यावर विचारलं, "परत लावू?"

"लावा. पण आधी ते लिहा." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. फितीच्या नंबरापुढे वर्णनाचा रकाना होता, माझ्या सहीसकट अप्रस्तुत ठरलेला. "तिचं नाव लिहा तिथे. नंदा दौलत फडतरे. आणि खिरापत, कच्च्या पपईच्या वड्या."

मी माझी ओळ पुसली आणि ते लिहिलं.

"कुणी केल्या तेपण लिहा," ते म्हणाले. "माझं पूर्ण नाव लिहा. कुणीही शोधलं तरी सापडलं पाहिजे."